सांगली ते न्यूयॉर्क, अबू धाबीमार्गे: २३ तासांचा दिवस

शाळेतल्या_बाई | ९ जून

मंडळी, नमस्कार.

मार्चमध्ये इथेच विचारलं होतं, की साठी ओलांडलेल्या आणि आजवर परदेशी पाऊल न टाकलेल्या बाईनं एकटीनं सांगलीहून न्यूयॉर्कला जावं का. निम्म्या जणांनी सांगितलं, सोबत शोधा. शोधली, मिळाली नाही. निघाले आणि पोचले. आज पाचवा दिवस. अजून पहाटे साडेतीनला टक्क जाग येते. घर झोपलेलं असतं, मी स्वयंपाकघरातला छोटा दिवा लावून बसते. तिथेच हे लिहिते आहे. पुढच्या महिन्यात जिला कुणाला निघायचंय, तिला उपयोगी पडावं म्हणून जरा सविस्तर.

लेक-जावई क्वीन्समध्ये, जॅक्सन हाइट्सला राहतात. लेकीला आठवा महिना लागलाय. सासूबाई ९१ वर्षांच्या, त्यांना सोडून दोघांनी निघणं शक्य नव्हतं. हे म्हणाले, "आईकडं मी बघतो, तू पोरीकडं जा." त्यामुळे एकटीनं जायचं की नाही हा प्रश्न उरलाच नाही. एकटीनं कसं जायचं, एवढाच उरला.

माझा प्रवास खरं तर डिंकाच्या लाडवांपासूनच सुरू झाला. बाळंतिणीचे लाडू आमच्याकडे डिंक, खारीक, खोबरं, बदाम आणि खसखस घालून होतात. खसखस भाजून, जाडसर कुटून. सगळं सामान आणून ठेवलं आणि लेकीचा फोन आला, "आई, खसखस घालू नकोस हं. तू अबू धाबीवरून येणार आहेस." अमिरातीत खसखस अमली पदार्थांत धरतात. चिमूटभर असली तरी चालत नाही. सासूबाईंना हे पटवायला दोन दिवस गेले. "बाळंतिणीचा लाडू, आन् खसखशीबिगर?" शेवटी त्यांनीच तोडगा काढला: बदाम थोडे जास्त घे आणि जाडसर कूट, दाताखाली काहीतरी यायला पाहिजे. लाडू छान झाले. अनारसे मात्र मी केलेच नाहीत, खसखशीशिवाय ते अनारसे कसले!

सुक्या खोबऱ्याच्या अख्ख्या वाट्याही बॅगेत घातल्या नाहीत. तेल जास्त असल्यामुळे त्या आपोआप तापू शकतात, म्हणून विमानात अडवतात. जे खोबरं गेलं ते किसून, भाजून, लाडवांतून. मेतकूट, गोडा मसाला, हळद मोठ्या बॅगेत. हातातल्या पिशवीत पिठं-पुडी नको, अमेरिकेच्या विमानात ३५० मिलीपेक्षा जास्त पूड असली की वेगळी तपासणी होते. भडंगाचे दोन पुडे तर हवेतच, सांगलीहून निघालं आणि भडंग नाही असं कसं चालेल?

खाण्याच्या प्रत्येक वस्तूची यादी मी एका कागदावर इंग्रजीत लिहून पासपोर्टच्या पाकिटात ठेवली. हा कागद पुढे फार कामाला आला.

२ जूनला रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस. स्टेशनवर हे आणि शेजारची दोन मुलं बॅगा चढवायला. गाडी हलली तेव्हा ह्यांनी खिडकीतून हातावर पाण्याची बाटली ठेवली, आणि "पोचलीस की कळव" एवढंच म्हणाले. ३ तारखेला सकाळी कल्याणला उतरले, धाकटा भाऊ न्यायला आला होता. त्याच्याकडे डोंबिवलीत दिवसभर पडून राहिले. हे मुद्दाम केलं. रात्रभर गाडीत आणि तसंच विमानात, असं करू नका. मधला एक दिवस अंग आडवं करायला मिळाला म्हणून पुढचं झेपलं.

रात्री ११ ला डोंबिवली सोडली. पहाटे ४:३० चं विमान. वाटेत वळवाची सर आली, काच पुसतापुसता भाऊ तीनदा म्हणाला, "ताई, पासपोर्ट बघ गं पुन्हा." मुंबई विमानतळाच्या टी-२ टर्मिनलच्या दारात जवानानं तिकीट-पासपोर्ट बघितला. भाऊ काचेच्या पलीकडे राहिला. तो हात हलवत होता आणि मला त्याच्या चौथीतला चेहरा दिसत होता. मीच त्याला शाळेत सोडायला जायची.

मग आतले ते पांढरे, मोरपिसाच्या नक्षीचे उंच खांब. मान वर करून दोन मिनिटं नुसती उभी राहिले.

लेक उठली. तिचं दूध गरम करते. विमानाचं आणि अबू धाबीचं दुपारी लिहिते.

---

सायली_न | ९ जून

बाई, लिहा, लिहा! माझ्या सासूबाई ऑगस्टमध्ये याच मार्गानं निघणार आहेत. खसखशीचं आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. गणपती जवळ येणार म्हणून त्या करंज्या करणार होत्या, सारणात खसखस ठरलेलीच. आत्ता फोन करून सांगितलं.

एक विचारते. व्हीलचेअर घेतलीत का? त्यांना तशी गरज नाही, पण माझा नवरा म्हणतो की लावून टाकू, चुकायची भीती नाही.

---

क्वीन्सकर | ९ जून

बाई, स्वागत! जॅक्सन हाइट्सला आलात म्हणजे ७४व्या रस्त्यावर कोथिंबीर, कढीपत्ता, शेपू, सगळं मिळेल. लेकीला चालत बरोबर न्या.

कढीपत्त्यावरून आठवलं, नवीन येणाऱ्यांनी हे लिहून ठेवा. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता आणता येत नाही. तांदूळ आणि अख्खे हरभरे पण नाही. त्यामागचं कारण सहसा कुणी सांगत नाही. खाप्रा नावाचा एक भुंगा आहे, साठवलेल्या धान्याचं पीठ करून टाकतो, आणि अन्नाशिवाय कितीतरी महिने जिवंत राहतो. ज्या देशांत तो आहे तिथून घरगुती सामानात तांदूळ आणायला अमेरिकेनं २०११ मध्ये बंदी घातली. माझ्या आईनं मावळातल्या शेतातला इंद्रायणी दोन किलो आणला होता. अधिकाऱ्यानं शांतपणे समजावून सांगितलं आणि पिशवी बाजूला ठेवली. आईनं आधीच सांगून टाकलं होतं म्हणून दंड नाही झाला. न सांगता सापडलं की पहिल्याच वेळी ३०० डॉलर दंड होऊ शकतो.

जूनमध्ये येणाऱ्यांचा मोह आंबा. तोही नाही. आपला आंबा इथे २००७ पासून येतो, पण तो लासलगावसारख्या केंद्रात किरणांची प्रक्रिया करून, अधिकृत पेट्यांतून. घरच्या झाडाचा, पेंढ्यातला, बॅगेतून नाही.

---

अबोली | ९ जून

@सायली_न, व्हीलचेअरबद्दल माझं मत स्पष्ट आहे: गरज नसेल तर घेऊ नका. माझ्या आईला खरंच चालता येत नाही, गुडघे दोन्ही गेलेत. गेल्या वर्षी मधल्या एका विमानतळावर तिला खुर्चीत बसवून एका कोपऱ्यात ठेवलं आणि एक तास वीस मिनिटं कुणी आलंच नाही. तिला बाथरूमला जायचं होतं. उठता येत नाही, कुणाला हाक मारावी कळत नाही. का, तर त्या विमानाला मदत मागणारे इतके की माणसं पुरत नव्हती, आणि त्यातले बरेच जण उतरल्यावर ताडताड चालत बॅगा घ्यायला गेले. आईनं ते स्वतः पाहिलं. तेव्हापासून मला हा विषय निघाला की राहवत नाही.

---

समुद्रपक्षी | ९ जून

अबोली, तुमच्या आईंच्या बाबतीत झालं ते वाईटच झालं. पण दुसरी बाजूही सांगते. माझे वडील चालतात व्यवस्थित, पण इंग्रजी नाही, हिंदीही जेमतेम. मोठ्या विमानतळावर दीड-दोन किलोमीटर चाल, मध्ये गाडी, मध्ये सरकते जिने. त्यांना भीती चालण्याची नाही, चुकण्याची आहे. अशा माणसानं कुणाकडे जायचं? खुर्ची नको, पण बोट धरून नेणारा माणूस हवा. काही कंपन्या "भेटा आणि सोबत करा" अशी सेवा पैसे घेऊन देतात, वडिलांसाठी आम्ही ती घेतली. खुर्चीची मागणी करायचीच असेल तर ती किमान ४८ तास आधी नोंदवा, ऐन वेळी काउंटरवर नको.

---

जुना_दादरकर | ९ जून

बाईंचं वाचून माझी २००९ ची वारी आठवली. तेव्हा आपल्याकडून बाहेर पडताना एक फॉर्म भरायला लागायचा. रात्री दोन वाजता विमानतळावर उभ्यानं, चष्मा नाकावर, दुसऱ्याचं पेन मागून. २०१७ च्या जुलैपासून तो बंद झाला, ज्येष्ठांची मोठी सोय झाली. आणि व्हिसाची रांग ब्रीच कँडीला, लिंकन हाऊस या तेव्हाच्या अमेरिकी वकिलातीच्या बाहेर फुटपाथवर, पावसात छत्री धरून. आता वांद्रे-कुर्ला संकुलात सगळं.

---

डॉक्टरकाका | ९ जून

दोन गोष्टी वैद्यकीय, कारण वाचणाऱ्यांत पन्नाशी-साठीचे बरेच आहेत.

विमानातली हवा आपल्या गावच्या हवेसारखी नसते. आतला दाब साधारण ६,००० ते ८,००० फूट उंचीवर असतो तितका ठेवतात. कळसूबाई ५,४०० फूट. म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहूनही वर तुम्ही चौदा तास बसून आहात, आणि हवा कोरडी ठाक. त्यामुळे हृदयाचा, फुप्फुसाचा त्रास असणाऱ्यांनी आणि रक्त कमी असणाऱ्यांनी निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना दाखवूनच निघा. ज्यांना काही नाही त्यांनी घोट-घोट पाणी पीत राहायचं. "बाथरूमला उठायला नको" म्हणून आमच्या बायका पाणीच पीत नाहीत. हे चूक आहे. उठावं लागतं हेच चांगलं, पायातलं रक्त हलतं. पोटऱ्यांत गुठळी होण्याचा धोका बसून राहण्यानंच वाढतो.

मधुमेह असेल तर इन्सुलिन हातातल्याच पिशवीत, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. खालच्या सामानात ते गोठू शकतं आणि गोठलेलं वापरता येत नाही. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो, त्यामुळे डोसाचं गणित बदलतं. ते गणित घरी, आपल्या डॉक्टरांबरोबर बसून, कागदावर वेळा लिहून करा. विमानात मनानं करू नका.

---

शाळेतल्या_बाई | ९ जून, दुपारी

सगळ्यांचे मनापासून आभार. सायली, मी खुर्ची घेतली नाही. मला चालता येतं आणि वाचता येतं. पण समुद्रपक्षी म्हणतात तेही खरं. वाचता न येणाऱ्या माणसाला या पाट्यांच्या जंगलात सोबत हवीच. मी फक्त एक केलं. निघण्याआधी पंधरा दिवस दोन्ही विमानतळांचा नकाशा कागदावर काढला, आमच्या शाळेत मुलांना गावाचा नकाशा काढायला लावायचे तसा. कुठे उतरणार, डावीकडे की उजवीकडे, मग काय. सगळं तंतोतंत जुळलं नाही, पण मनातली धडधड गेली.

आता पुढचं.

मुंबईहून विमान सुटलं तेव्हा काळोख होता. मला खिडकी मिळाली होती. उतरायच्या थोडं आधी काचेच्या कडेला एक गुलाबी रेघ दिसली, मग ती पसरली. खाली समुद्र आहे की वाळवंट ते अजून कळत नव्हतं. हा त्या दिवसाचा सूर्य. त्याची वेळ मी वहीत लिहून ठेवली.

अबू धाबीत उतरल्यावर फोनला रेंजच नाही. रोमिंगचे पैसे भरले होते, निघायच्या आदल्या दिवशी "सुरू झालं" असा मेसेजही आला होता. झालं नव्हतं. ह्यांना कळवायचं कसं? शेजारी उतरलेली एक मुलगी होती, ढाक्याची, न्यूयॉर्कलाच नर्स आहे. कागदावर लिहिलेला ह्यांचा नंबर तिला दाखवला. तिनं तिच्या फोनवरून मेसेज टाकला आणि ह्यांचं उत्तर येईपर्यंत माझ्याजवळ थांबली. फोनमध्ये नंबर आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. घरचे, लेकीचे, भावाचे नंबर मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून जवळ ठेवा.

आता या मार्गाचं खरं वैशिष्ट्य. अमेरिकेचं इमिग्रेशन आणि कस्टम अबू धाबीतच होतं. अमेरिकेचे अधिकारी, त्यांच्याच गणवेशात, तिथे बसलेले. २०१४ पासून ही सोय आहे. कॅनडात, आयर्लंडमध्ये, काही बेटांवर अशी केंद्रं आहेत, आणि आपल्या बाजूला अबू धाबी. चौदा तासांच्या प्रवासानंतर, डोळे मिटत असताना, अनोळखी माणसाच्या प्रश्नांना उत्तरं देण्यापेक्षा सकाळी तोंड धुऊन ताज्या मनानं देणं किती सोपं! लेकीनं थेट विमान सोडून हा मार्ग निवडला तो याचसाठी.

मात्र वेळ राखून ठेवा. पुन्हा एकदा सुरक्षा तपासणी होते, मला तर बूटही काढावे लागले. मग रांग. दोन विमानांमध्ये दीड तास असेल तर जीव टांगणीला लागेल. माझ्याकडे चार तास होते.

काउंटरवर चार बोटांचे ठसे, फोटो. पडद्यावर माझ्या दोन बॅगांचे फोटो दाखवले, या तुमच्याच ना? एका बॅगेला मी लाल काठाची जुनी इरकल फाडून बांधली होती, लगेच ओळखली. मग प्रश्न. कुठे निघालात, कुणाकडे, किती दिवस. मी सरळ सांगितलं: लेकीकडे, बाळ यायचंय, परतीचं तिकीट ऑक्टोबरचं. पुढचा प्रश्न खाण्याचा. मी तो कागद पुढे केला. त्या बाईंनी पूर्ण वाचला. "एडिबल गम" वर, म्हणजे डिंकावर, बोट ठेवून थांबल्या. हातातल्या पिशवीत लाडवांचा एक डबा होता, तो उघडायला लावला. झाकण काढलं तसा साजूक तुपाचा वास आला. त्यांनी विचारलं, हे कशासाठी? म्हटलं, बाळ झालेल्या आईसाठी, ताकद यावी म्हणून, आमच्याकडे आजी करते. त्यांनी स्वतः झाकण लावून डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, तुमच्या लेकीला शुभेच्छा.

त्यापुढे मी खुर्चीत जाऊन बसले आणि चांगली दहा मिनिटं डबा मांडीवर धरून तशीच होते.

दुसरं विमान मोठं. चौदा तास, साधारण ११,००० किलोमीटर. या वेळी मी मुद्दाम कडेची जागा घेतली होती, दर दीड तासानं उठायचं ठरवून. डॉक्टरकाका, तुमचं आज वाचलं, पण आमच्या मिरजेच्या डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं. मागच्या मोकळ्या जागेत चवड्यावर वीस वेळा वर-खाली. दुसऱ्या फेरीपासून तिथे आणखी दोन आज्या यायला लागल्या, एक हैदराबादच्या, एक कुठल्या ते कळलं नाही, भाषा जुळली नाही. तिघी न बोलता चवडे वर-खाली करत होतो.

जेवणाला शाकाहारी आधी नोंदवलं होतं, बरं होतं. पण आठव्या तासाला माझ्या पिशवीतली दशमी आणि शेंगदाण्याची चटणी काढली तेव्हा खरं जेवल्यासारखं वाटलं.

आणि तो दिवस! विमानात सगळ्यांनी खिडक्या बंद करून घेतल्या, दिवे मालवले, कृत्रिम रात्र केली. मी मागे उभी असताना दाराच्या छोट्या खिडकीची झडप बोटभर वर केली. बाहेर लख्ख ऊन. खाली पांढरं काहीतरी पसरलेलं, ढग की बर्फ, कळेना. आपण पश्चिमेला पळतोय, सूर्यही पश्चिमेला निघालाय, म्हणून तो आपल्याला सोडत नाही. भूगोल मी वीस वर्षं शिकवला. पृथ्वीगोलावर टॉर्च मारून दिवस-रात्र दाखवली. स्वतःच्या अंगावर तो धडा पहिल्यांदा आला.

न्यूयॉर्कला उतरलो तेव्हा दुपारचे चार. आतलं सगळं अबू धाबीत झालेलं, त्यामुळे मुंबईहून पुण्याला उतरावं तशी थेट बॅगांच्या पट्ट्याकडे. लेक कठड्यापाशी उभी होती, दोन्ही हात पोटाखाली धरून. एवढं मोठं पोट तिचं मी फोनवर कधी नीट पाहिलंच नव्हतं. ती फोन वरच धरायची.

व्हॅन विक रस्त्यावर गाड्यांची ही रांग. घरी पोचायला सहा वाजून गेले. वरण-भात केला होता जावयांनी. जेवून लवकर झोपू नको, अंधार पडेपर्यंत तग धर, असं लेकीनं बजावलं होतं, म्हणून तिच्या खिडकीत बसून राहिले. सूर्य मावळला तेव्हा सव्वाआठ वाजून गेले होते. वही काढून हिशोब केला. अबू धाबीच्या वेळेनं पहाटे साडेपाचला उगवलेला हा सूर्य, जवळजवळ २३ तास माझ्यासमोर होता.

ह्यांना फोन लावला. म्हटलं, इथे आत्ता दिवेलागण झाली. ते म्हणाले, "मी गच्चीवर आहे. आत्ताच वर आला बघ." दोघांनीही थोडा वेळ फोन नुसता धरून ठेवला. मागून सासूबाई विचारत होत्या, पोरीनं लाडू खाल्ला का.

---

सायली_न | १० जून

बाई, डोळ्यांत पाणी आलं. सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी "एडिबल गम" हा शब्द लिहून घेतलाय आणि वहीत विमानतळाचा नकाशाही काढायला बसल्यात. खुर्चीची मागणी आम्ही रद्द करतोय. त्यांनीच सांगितलं.

---

अबोली | १० जून

सायली, तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

---

जुना_दादरकर | १० जून

बाई, तुम्ही न्यूयॉर्कला उतरलात ती तारीख ४ जून ना? मी पुन्हा पुन्हा तुमचा हिशोब तपासला.

४ जून १८८३ ला आनंदीबाई जोशी न्यूयॉर्कच्या बंदरात उतरल्या. ७ एप्रिलला कलकत्त्याहून बोटीनं निघाल्या होत्या. अठरा वर्षांची मुलगी, बरोबर नवरा नाही, घरचं कुणी नाही. वाटेत दोन महिने. न्यायला आलेल्या कार्पेंटरबाईंशी तोवर फक्त पत्रांची ओळख. आणि आनंदीबाई मूळच्या कल्याणच्या, जिथे तुम्ही गाडीतून उतरलात.

---

शाळेतल्या_बाई | १० जून

दादरकर, तारीख माझ्या लक्षात नव्हती. किती वर्षं तो धडा शिकवला! १८८६ ला एम.डी., १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात मृत्यू, सनावळ्या पाठ. पण वहीत तारीख लिहिताना एकदाही मनात आलं नाही.

लेकीला सांगितलं. ती म्हणाली, आई, त्यांची रक्षा इथेच आहे.

---

क्वीन्सकर | १० जून

हो, पकिप्सीला. तिथल्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत त्यांची रक्षा पुरली आहे. ग्रँड सेंट्रलहून हडसन मार्गाची गाडी, साधारण दोन तास. जाताना डाव्या बाजूला बसा, जवळजवळ सगळी वाट हडसन नदी शेजारी असते. लेकीला या दिवसांत नेऊ नका, स्टेशनपासून टॅक्सी करावी लागते आणि आत चढउतार आहे.

---

डॉक्टरकाका | ११ जून

क्वीन्सकरांशी सहमत. आणि बाई, अजून आठवडाभर तुम्हीही दमाने. शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण तासाभरानं सरकतं, तुमचा फरक साडेनऊ तासांचा आहे. सकाळच्या उन्हात रोज अर्धा तास चाला, दुपारी झोपलात तर गजर लावून.

---

शाळेतल्या_बाई | २२ जून

काल जावई आणि मी जाऊन आलो. लेक घरी, शेजारीण सोबत होती.

गाडीत डावीकडेच बसले. नदी मोठी, आमच्या कृष्णेच्या पुराच्या वेळी दिसते तेवढी रुंद, पण शांत. दफनभूमीच्या कचेरीत विचारलं तर तिथल्या माणसानं लगेच नकाशावर खूण करून दिली. नाव त्याला माहीत होतं.

दगड साधा आहे. इंग्रजीत नाव, पुढे एम.डी., आणि १८६५–१८८७. झाडाची सावली आहे. मी सांगलीची हळद आणि कुंकू पुडीत नेलं होतं. दगडाला बोट लावलं तर तो उन्हानं कोमट लागला. पुढ्यात एक लाडू ठेवला. जावयांनी विचारलं, खारी येऊन खातील ना? म्हटलं, खाऊ देत.

लेकीचे दिवस भरत आलेत. आता थोडे दिवस इथे येणं होणार नाही.